बंदुका थांबल्या, बांधीचे काय?

गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची पत्नी तारक्का हिनेही याच जिल्ह्यात आत्मसमर्पण केले होते. १९८० साली प्राणहिता ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली तुकडी महाराष्ट्रात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिरोंचा तालुक्यात पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षे लोटली. मधल्या काळात मर्केगाव झाले, हत्तीगोटा झाले, लाहेरी झाले. या तीन ठिकाणी २००९ या एकाच वर्षात अठ्ठेचाळीस पोलीस धारातीर्थी पडले. २०१९ च्या महाराष्ट्रदिनी जांभुळखेड्यात भूसुरुंगाने पंधरा जवानांचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. एवढ्या रक्तपातानंतर आलेला शस्त्रत्यागाचा तो दिवस समाधानाचा होता, यात शंका नाही.

मुंबईच्या वृत्तपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर दिली. मुलुंड-बोरिवलीच्या लोकलमध्ये दोन दिवस तिची चर्चाही झाली. नंतर दिवाळीच्या खरेदीत विषय विरला. ते स्वाभाविकच म्हणायचे, कारण शहराच्या दृष्टीने नक्षलवाद हा चकमकींचा विषय होता. चकमक संपली की विषय संपतो. ज्याच्या गावात पंचेचाळीस वर्षे दोन्ही बाजूंच्या बंदुका वावरल्या, त्या भामरागड-एटापल्लीच्या वनवासी शेतकऱ्याचा विषय मात्र तेथे संपत नाही, तेथे तो सुरू होतो. रात्री दार ठोठावून तांदूळ मागणारे आता येणार नाहीत. पण शिजवायला घरात तांदूळ किती आहे, हा प्रश्न कोणी विचारणार आहे काय?

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात जेवढी माणसे राहतात, त्यांच्या एका लहान हिश्शाएवढी माणसे तेथे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या तीसपट भूमीवर विखुरलेली आहेत. पीक मुख्यतः एकच, धान. आणि तेही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. जेथे पाण्याची थोडी शाश्वती आहे तेथे पऱ्हे टाकून रोवणी होते. जेथे ती नाही तेथे आवत्या पद्धतीने बी फेकून शेतकरी आकाशाकडे पाहत बसतो. ऑगस्टात पंधरा दिवस पावसाने दडी मारली की बांधीला भेगा पडतात. भाद्रपदात अतिवृष्टी झाली की तीच बांधी पाण्याखाली जाते. जुने धान आषाढ-श्रावणात संपते आणि नवे हाती यायला दिवाळी उजाडते. मधले तीन-चार महिने मोहफुले, रानकंद, बांबूचे कोंब, रानभाज्या आणि शिधापत्रिकेवरचे धान्य यांवर निघतात. ज्याला तेही पुरत नाही तो दिढीने धान उचलतो, म्हणजे एक खंडी घेऊन दीड खंडी परत करतो. नवे पीक खळ्यावर येण्याआधीच त्यातला एक वाटा सावकाराचा झालेला असतो.

हा उपासमारीचा इतिहास नक्षलवादाहून जुना आहे. याच भुकेवर त्या चळवळीने आपले बीज पेरले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेंदूपत्त्याच्या एका पुड्याला मिळणारी मजुरी लाजिरवाणी होती. कागद गिरणीसाठी बांबू तोडणाऱ्यांचीही तीच कथा. वनखात्याचा रक्षक हा गावाच्या दृष्टीने सरकारचा एकमेव चेहरा होता, आणि तो चेहरा दंडाचा, वेठीचा आणि कोंबडीच्या मागणीचा होता. अशा वेळी जंगलातून आलेल्या तरुणांनी ठेकेदाराला दरडावून दर वाढवून दिला, तर गावाने त्यांना आपले मानले यात नवल ते काय? शासनाने जे न्यायाने द्यायचे, ते शासन देईना. म्हणून ते बंदुकीच्या धाकाने मिळाले. लोकशाही व्यवस्थेचा हा पराभव होता आणि त्याची जबाबदारी ज्या-ज्या राजवटींवर येते त्यांनी ती स्वीकारायला हवी होती.

पण पुढे काय झाले? ज्या ठेकेदाराला दरडावले त्याच्याकडूनच खंडणी घेऊन त्याला जंगलात मुक्त प्रवेश देण्यात आला. तेंदूचा हंगाम हा मजुराच्या कमाईचा हंगाम होता, तो दलमच्याही कमाईचा हंगाम झाला. रस्ता बांधणारी यंत्रे जाळली गेली, पुलांची कामे अडवली गेली. गावचा सरपंच, पोलीस पाटील, कोणी शिकलेला तरुण पोलिसांचा ‘खबऱ्या’ ठरवून रात्री उचलला गेला आणि सकाळी त्याचे प्रेत वाटेवर सापडले. गरिबांच्या नावाने चाललेल्या या लढ्यात मेलेले बहुसंख्य गरीबच होते. पोलीस शिपाई वनवासी, दलममधला पोरगा वनवासी आणि दोघांच्या मध्ये सापडलेला शेतकरीही वनवासीच. वातानुकूलित सभागृहांत या लढ्याचे काव्य रचणाऱ्यांच्या घरातला मात्र त्यात कोणी नव्हता!

युद्ध माणसाला गोळीने मारते त्याहून अधिक ते भुकेने मारते, आणि ही भूक मोठ्या चोरपावलांनी येते. गडचिरोलीत कोणी उभी पिके जाळली नाहीत. जाळला तो रस्ता करणारा रोड रोलर. रस्ता झाला नाही म्हणून ट्रॅक्टर पोहोचला नाही, खताची गोणी पोहोचली नाही, पशुवैद्य पोहोचला नाही आणि धान विकायला बाजारात नेता आले नाही. व्यापारी दारात आला तो आपला भाव घेऊन आला. कृषी सहायकाची नेमणूक कागदावर होती. तो तालुक्याच्या गावाहून पुढे जात नसे, आणि एकट्याने दुचाकीवरून जंगलात जाण्याची सक्ती त्याच्यावर कोणत्या तोंडाने करायची, हेही खरेच. रात्री दलम आले की दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक गावाला करावा लागे. ज्या घरात स्वतःपुरता तांदूळ नाही त्या घरातून पायली दोन पायली तांदूळ निघे. सकाळी पोलीस येत आणि विचारत की रात्री जेवण कोणी दिले? दिले तर हा गुन्हा, न दिले तर तो. या कात्रीत सापडलेल्या माणसाने नवी विहीर खोदावी, दुसरे पीक घेऊन पाहावे, कर्ज काढून बैलजोडी घ्यावी, अशी अपेक्षा कशी करायची? उद्याची खात्री नसलेला माणूस झाड लावत नाही. तो आजचे भागवतो आणि पोराला दूर पाठवून देतो.

जगाच्या पाठीवर जेथे जेथे संघर्ष धुमसतो आहे तेथे हेच चित्र कितीतरी भीषण प्रमाणात दिसते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आणि त्यांचे सहकारी यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अन्नसंकटाच्या अहवालानुसार २०२४ मध्ये ५३ देशांतील साडेएकोणतीस कोटी माणसे तीव्र भुकेच्या छायेत होती. त्यांतील जवळजवळ चौदा कोटी माणसांच्या भुकेचे प्रमुख कारण दुष्काळ वा महागाई नव्हे, तर संघर्ष हे होते. उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर करण्याचा निषेध करणारा ठराव सुरक्षा परिषदेने मे २०१८ मध्ये एकमताने संमत केला. त्यानंतरची वर्षे पाहिली म्हणजे त्या ठरावाची किंमत कळते.

सुदानचे उदाहरण घ्यावे. दोन नाईल नद्यांच्या बेचक्यातला गेझिरा हा जगातील सर्वांत मोठ्या सिंचन प्रकल्पांपैकी एक. ब्रिटिशांनी तो लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळावा म्हणून उभारला, पुढे तो सुदानच्या गव्हाचे कोठार झाला. एप्रिल २०२३ मध्ये दोन सेनापतींचे भांडण पेटले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात युद्ध गेझिरात शिरले. कालवे, पंप, गोदामे, ट्रॅक्टर यांची लूट झाली. शेतकरी गाव सोडून पळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये दूर पश्चिमेला दारफुरमधील झमझम छावणीत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर करावा लागला. ज्या देशात दोन नाईल एकत्र येतात आणि लक्षावधी हेक्टर काळी जमीन आहे, त्या देशात माणसे भुकेने मरावीत, यात निसर्गाचा दोष किती?

दुसरे उदाहरण अफगाणिस्तानचे. ते अधिक बोलके आहे, कारण तेथे युद्ध थांबल्यानंतरची गोष्ट दिसते. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये दोन लाख ३३ हजार हेक्टरवर असलेली खसखशीची शेती २०२३ मध्ये १० हजार ८०० हेक्टरवर आली. अफूची शेती बंद झाली हे जगाच्या दृष्टीने उत्तमच झाले. परंतु अफू विकून शेतकऱ्यांच्या हाती पडणारे उत्पन्न एका वर्षात १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर घसरले. त्यांनी अफूच्या जागी गहू पेरला, आणि गव्हाला तेवढे पैसे कोठून मिळणार? पर्यायी पिकाचे बी, पाणी, बाजार यांची तरतूद न करता दिलेला हुकूम शेतकऱ्याला पुन्हा त्याच अफूकडे ढकलतो. उपासाने लादलेली नीती फार काळ टिकत नाही, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

या प्रश्नात भारताचे वर्तन, तुलनेने पाहता, शहाणपणाचे राहिले आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीच्या सीमेवरून गव्हाचे पन्नास ट्रक अफगाणिस्तानकडे निघाले. एकूण पन्नास हजार टन गहू देण्याचे वचन भारताने दिले होते. ही झाली तातडीची मदत. पण त्याआधी २०१६ मध्ये हेरात प्रांतात भारताने सलमा धरण पूर्ण करून दिले, ज्याच्या पाण्यावर पंच्याहत्तर हजार हेक्टर जमीन भिजावी अशी योजना होती. गहू एका हिवाळ्यात संपला; धरण तेथेच उभे आहे. श्रीलंकेत २००९ साली लिट्टेविरुद्धचे युद्ध संपले, तेव्हा उत्तरेकडील तमिळ शेतकरी छावण्यांतून परतला तो रिकाम्या हातांनी. शेतांत सुरुंग होते, बैल नव्हते. भारताने तेथे घरे बांधून दिली, बियाणे व अवजारे दिली आणि पाचशे ट्रॅक्टर पाठवले. छावणीतल्या भातापेक्षा स्वतःच्या शेतातला भात माणसाला लवकर उभा करतो, हे दिल्लीला जाफना आणि वन्नीच्या बाबतीत कळले होते. जगात मात्र असा विचार अपवादानेच होतो. तीव्र भुकेने ग्रासलेली बहुसंख्य माणसे खेड्यांत राहणारी आणि शेतीवर जगणारी असूनही, अन्नसंकटावर खर्च होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीतला पाच टक्क्यांहूनही कमी वाटा शेती सावरण्यासाठी जातो. उरलेला सारा धान्याच्या पोत्यांत आणि ती वाहून नेण्यात संपतो.

समुद्रापलीकडच्या वन्नीला जे दिले ते महाराष्ट्राच्याच गडचिरोलीला का मिळू नये? युद्ध संपले असे जाहीर करायचे असेल, तर युद्धोत्तर पुनर्रचना नावाची जी गोष्ट असते, ती येथेही हवी. आत्मसमर्पण करणाऱ्यांसाठी शासनाचे धोरण २००५ पासून आहे. त्या धोरणाखाली सहाशेहून अधिक जणांनी शस्त्रे टाकली. त्यांना अर्थसाह्य, घर, भूखंड, कामधंदा मिळाला. ते योग्यच आहे. पण ज्याने कधीच शस्त्र उचलले नाही, पंचेचाळीस वर्षे दोन्हीकडचा मार खाऊन जो आपल्या बांधीवर टिकून राहिला, त्याच्यासाठी स्वतंत्र धोरण कोणते? शरण आलेल्याचा पुनर्वास होतो आणि कधीच न बिघडलेल्याचा विसर पडतो, ही विसंगती गावातल्या माणसाला दिसत नाही असे समजण्याचे कारण नाही.

या जिल्ह्याजवळ देण्यासारखे काही नाही, केवळ घेण्यासारखेच आहे, असा एक समज शहरात आहे. तो चुकीचा आहे. घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही वाण्याकडे ‘एचएमटी’ तांदूळ मागावा. तो मिळतो आणि गृहिणी त्याची तारीफही करतात. हा तांदूळ कोण्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या प्रयोगशाळेत निपजलेला नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी निवडून वर्षानुवर्षे वाढवले आणि हे वाण सिद्ध केले. नावसुद्धा व्यापाऱ्याने दिले, तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. दादाजींना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सन्मान मिळाला. पैसा मात्र दुसऱ्यांनीच मिळवला. जून २०१८ मध्ये ते गेले तेव्हा उपचाराच्या खर्चाचीही विवंचना होती. ज्या भूमीत एक जवळजवळ अशिक्षित शेतकरी केवळ डोळसपणाच्या बळावर असे वाण घडवतो, तिला दयेची गरज नाही. तिला पाणी, रस्ता आणि रास्त भाव हवा आहे.

पाण्याचे पाहावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात गोंडांच्या राजवटीपासून बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव शासनाचे झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाखाली, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून, त्यांतील कित्येक गाळाने भरले. पूर्वी गाव पाळ दुरुस्त करी, नहर साफ करी, पाणी वाटून घेई. मालकी सरकारची झाल्यावर ते काम कोणाचेच राहिले नाही. शेकडो कोटींच्या नव्या प्रकल्पांच्या घोषणा ऐकण्यापेक्षा या तलावांतला गाळ काढणे आणि शेतकऱ्याच्या बांधीत लहानशी बोडी खोदून देणे स्वस्त आहे, लवकर होण्यासारखे आहे आणि त्यात गावाला मजुरीही आहे. केंद्राची रोजगार हमी २००६ मध्ये देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत लागू झाली, त्यांत गडचिरोली होता. त्या पैशातून किती बोड्या झाल्या आणि किती नुसते मातीचे रस्ते वाहून गेले, याचा तालुकावार हिशेब जिल्हा परिषदेने मांडावा. सिरोंच्याच्या शेतकऱ्याची कथा तर वेगळीच. गोदावरीवर तेलंगणाने २०१९ मध्ये मेडिगड्डा बंधारा उभा केला. पाणी तेलंगणाच्या शेतात गेले आणि फुगवट्याचा पूर सिरोंच्याच्या शेतात आला. भरपाईसाठी तेथील शेतकऱ्यांना उपोषणे करावी लागली. मुंबईच्या विधिमंडळात यावर किती तास चर्चा झाली?

आता भावाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. आदिवासी विकास महामंडळाने ती देऊन धान घ्यायचे आहे. पण खरेदी केंद्र उशिरा उघडते, बारदाना नसतो, गोदाम भरलेले असते, चुकारा महिनोन्महिने येत नाही. खरेदी झालेले धान कोरची-कुरखेड्याकडे उघड्यावर ताडपत्रीखाली पडून राहते आणि भिजून कोंब फुटते. हे दरवर्षीचे रडगाणे आहे. ज्याला लग्नकार्य आहे, ज्याच्या डोक्यावर दिढीचे ओझे आहे, तो थांबू शकत नाही. तो व्यापाऱ्याला पडेल भावाने धान देऊन मोकळा होतो. पुढे तेच धान कोणाच्या सातबाऱ्यावर केंद्रात विकले जाते, याची चौकशी अधूनमधून होते, काही अधिकारी निलंबित होतात आणि पुढल्या हंगामात सारे पूर्ववत सुरू होते. नक्षलवाद्यांशी लढायला ज्या राज्याने सी-६० सारखे निष्णात दल उभे केले, त्याला वेळेवर पोती पुरवता येत नाहीत, हे कोणाला पटेल?

जंगलाच्या आघाडीवर मात्र याच जिल्ह्याने देशाला वाट दाखवली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शेसव्वाशे घरांच्या गोंड गावाने, देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने घेण्याची शिस्त स्वतःला लावून घेतली. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही आपलाच बांबू विकायला वनखाते वाहतूक परवाना देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः तेथे जाऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढे तेराशेहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आणि २०१४ च्या पेसा नियमांनंतर तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या. मजुरीबरोबर स्वामित्वाचा पैसाही गावात आला. हे काम संविधानाच्या चौकटीत, एकही गोळी न झाडता झाले. जंगलातल्या बंदुकीने चार दशकांत वनवासी माणसाला जे दिले नाही ते एका कायद्याने आणि एका गावाच्या चिकाटीने दिले, हे माओवाद्यांचे सर्वांत मोठे वैचारिक अपयश म्हटले पाहिजे. अर्थात येथेही सारे गोड नाही. काही हंगामांत ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. विडीची मागणी घटते आहे. आणि लाखोंचा हिशेब ठेवण्याचे शिक्षण गावाला कोणी दिलेले नाही. हक्क देऊन शासन बाजूला झाले की ठेकेदार पुन्हा आत शिरतो.

सुरजागडच्या लोहखाणीचा उल्लेख टाळून चालणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे कितीतरी वाहने जाळण्यात आली. २०२१ पासून खाण पुन्हा सुरू झाली, कोनसरीत पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्याला ‘स्टील हब’ म्हणण्याची पद्धत पडली. तरुणांना रोजगार मिळतो आहे, ही जमेची बाजू आहे. पण खाण कितीही मोठी झाली तरी सोळाशेहून अधिक गावे ती पोसू शकत नाही. खाणीचा पगार काही हजार घरांत जाईल. उरलेल्या घरांचा संसार धानावर आणि वनोपजावरच चालणार आहे. पोलादासाठी ज्या तत्परतेने रस्ते रुंद होतात, त्याच तत्परतेने धानाच्या गोदामाला छप्पर मिळाले, तर या विकासावर गावाचा विश्वास बसेल.

मुंबईच्या उपनगरातल्या पगारदार कुटुंबाचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याने आपल्या पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून कापलेले दिसतील. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडत होती. त्याच काळात गोरेगावच्या मृणाल गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर मुंबईच्या गृहिणींना लाटणी हाती घेऊन रस्त्यावर उतरवत होत्या आणि उपनगरांतल्या शिधावाटप दुकानांसमोर मिलोसाठी रांगा लागत होत्या. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या कमावत्या माणसावर हा कर बसवण्यात आला. शहराने खेड्याच्या भाकरीचा वाटा उचलायचा, असा हा करार होता. शहर तो वाटा अर्धशतक मुकाट्याने देत आले आहे. तो कोठे खर्च होतो हे विचारण्याचा अधिकार मात्र त्याने कधी वापरला नाही.

उपनगरांतील मंडळे, ज्ञातिसंस्था, गृहनिर्माण संस्था वनवासी भागासाठी काही करत नाहीत असे नाही. दिवाळीत जुने कपडे आणि फराळाची पाकिटे घेऊन जीपगाड्या जातात, छायाचित्रे निघतात. हेतू चांगला असतो. पण जुन्या साडीने धानाला भाव मिळत नाही. त्यापेक्षा दीडशे बिऱ्हाडांच्या एका सोसायटीने कुरखेडा-धानोऱ्याच्या एखाद्या महिला बचत गटाकडून वर्षाचा तांदूळ थेट घेण्याचे ठरवले आणि निम्मी रक्कम रोवणीच्या आधी दिली, तर काही घरांना त्या वर्षी दिढीने धान उचलावे लागणार नाही. शेतकऱ्यांचे आठवडी बाजार शहरांत भरवण्याची योजना राज्य शासनाने २०१६ मध्ये आणली. अंधेरी-बोरिवलीत भरणाऱ्या अशा बाजारांत नाशिक-पुण्याची भाजी दिसते. गडचिरोलीचा मध, चारोळी, डिंक, हातसडीचा तांदूळ अपवादानेच दिसतो, कारण हजार किलोमीटरचे भाडे त्या शेतकऱ्याला परवडत नाही. तेवढे भाडे पणन मंडळाला परवडू नये काय? वडसा हे अनेक दशके जिल्ह्यातले एकमेव रेल्वे स्थानक राहिले; तेथून निघणारा माल मुंबईत आणण्याची व्यवस्था करणे, हे काही चंद्रावर यान पाठवण्याइतके अवघड नाही.

१ जानेवारी २०२५ रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एस.टी. बस सुरू झाली, तेव्हा स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या वाटेवर लाल गाडी धावली. पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून दाखले, शिधापत्रिका, बियाणे मिळू लागले, हे पोलीस दलाला भूषणावह आहे, पण बियाणे वाटणे हे पोलिसांचे काम नव्हे. जंगलात जाण्याची भीती होती तोवर कृषी, सहकार, पाटबंधारे आणि पशुसंवर्धन या खात्यांना न जाण्याचे कारण होते. ते कारण आता त्यांच्याकडे उरलेले नाही. तालुक्याच्या मुक्कामी राहणाऱ्या या अधिकाऱ्यांनी लाहेरी, गट्टा, जिमलगट्टा येथे मुक्कामाला गेले पाहिजे आणि ते गेले की नाही हे मंत्रालयातून पाहिले गेले पाहिजे.

याला मुदत आहे. रोहिण्या संपेपर्यंत बियाणे, खत आणि चार महिन्यांचे शिधावाटपाचे धान्य आतल्या गावांत पोहोचावे लागते. मृगाचा पाऊस बसला की पर्लकोटेला पूर येतो, भामरागडची वाट बंद होते आणि जे पोहोचले नाही ते मग दिवाळीपर्यंत पोहोचत नाही.